बंद पडलेल्या मोटारीचा इतिहास

मोटारीचा इतिहास म्हणून जे ग्रंथ लिहिले जातात, त्यांत मोटार प्रथम कोणीं बनविली, कोणीं हाकली, ती ताशीं किती मैल धांवली, या गोष्टींची नोंद मोठ्या साक्षेपानें केलेली असते. ती थांबली कोठें, कशामुळें, आणि थांबल्यावर पुन्हां चालू झाली ती कोणाच्या हातानें, याचा जमाखर्च मात्र क्वचितच कोणीं मांडलेला आढळतो. वस्तुतः पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत मोटारीचें थांबणें इतकें नित्याचें होतें कीं, तें वगळून लिहिलेला तिचा इतिहास अर्धाच म्हणावा लागेल. घराच्या अंगणांत गाडी अडून बसली तर मनुष्य चरफडतो आणि दुसरें वाहन पाहतो. परंतु घर शंभर मैल मागें राहिलें आहे, पुढचें गांव दृष्टीस पडत नाहीं, ओळखीचें कोणी नाहीं आणि गाडी कांहीं केल्या सुरू होत नाहीं, अशा वेळीं आपल्या यंत्राविषयीं आपणांस काय ठाऊक आहे आणि काय नाहीं, याचा झाडा त्यास स्वतःशींच द्यावा लागतो. आमच्या मतें मोटार आजच्या रूपास आली ती जितकी कारखान्यांत घडली, तितकीच अशा आडवाटेवरच्या खोळंब्यांत घडली. आणि त्या खोळंब्यांचा मागोवा घेत गेलें असतां, यंत्राचें ज्ञान नेमकें कोणाजवळ असावें, हा एक प्रश्न त्यांतून सारखा डोकें वर काढतांना दिसतो.

हा इतिहास समजण्यापुरतें इंजिनाचें शास्त्र फार थोडें आहे. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण नळकांड्यांत ओढलें जातें, दट्ट्या तें दाबतो, विजेची ठिणगी तें पेटविते, आणि पेटल्याच्या जोरानें दट्ट्या मागें रेटला जातो. हें चक्र एकदां चालू झालें म्हणजे आपल्याच गतीनें चालतें. पण त्याचा पहिला फेरा मात्र बाहेरच्या शक्तीनेंच द्यावा लागतो. तेव्हां गाडी सुरू होत नसेल तर विचारावयाचे प्रश्न चारच उरतात. इंजिनास पहिला फेरा मिळतो कीं नाहीं? पेट्रोल पोंचतें कीं नाहीं? ठिणगी पडते कीं नाहीं? मिश्रण नीट दाबलें जातें, कीं कोठून तरी निसटतें? जुने मोटार हाकणारे हे प्रश्न वैद्यानें नाडी, जीभ, डोळे पाहावे तसे एकामागून एक तपाशीत असत. रोग्याभोंवतीं जमलेल्या आप्तांप्रमाणें बंद मोटारीभोंवतीं जमणारे लोक ज्या दहा सूचना करतात, त्यांपैकीं नऊ या चार प्रश्नांना स्पर्शही करीत नाहींत, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

घरापासून दूर गाडी अडल्याची पहिली प्रसिद्ध हकीकत जर्मनींतील आहे, आणि ती एका स्त्रीची आहे. मानहाइम येथील कार्ल बेंझ यानें १८८६ च्या जानेवारीच्या २९ तारखेस आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट मागितलें. त्याचा क्रमांक ३७४३५. पुढें दोन वर्षें लोटलीं तरी गिऱ्हाइकांची रीघ लागली नव्हती. बेंझ हा कुशल पण सावध वृत्तीचा कारागीर. एक सुधारणा झाली कीं दुसरीच्या पाठीस लागावें आणि गाडी गांवाच्या पंचक्रोशीबाहेर नेऊं नये, अशी त्याची रीत. त्याची पत्नी बर्था ही १८४९ सालीं फोर्ट्सहाइम येथें जन्मलेली. लग्नापूर्वींच आपल्या हुंड्याचा पैसा तिनें कार्लच्या कारखान्यांत घातला होता; तेव्हां यंत्राच्या भवितव्याशीं तिचा संबंध केवळ गृहिणीचा नव्हता. १८८८ च्या ऑगस्टच्या आरंभीं एके दिवशीं पहांटे, पति निजलेला असतां, ऑयगेन व रिखार्ड या आपल्या दोन मुलांना घेऊन तिनें गाडी बाहेर काढली आणि माहेरचा रस्ता धरला. थोरला पंधरा वर्षांचा, धाकटा चौदाच्या आंतला. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. इतका लांबचा प्रवास तोंपर्यंत कोणीही मोटारींतून केलेला नव्हता.

गाडीची शक्ति अडीच अश्वशक्तीच्या आंतबाहेर होती. सुरू करावयाची ती मागील बाजूचें आडवें, जड गतिचक्र हातानें फिरवून. तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर मुलांच्या दंडांत होतें असें म्हणण्यास हरकत नाहीं. इंधनाची निराळी टाकी नव्हती. कार्बुरेटरांत मावेल तेवढा सुमारें साडेचार लिटर सांठा, एवढीच शिदोरी. इंजिन थंड ठेवणारें पाणी उकळून वाफ होऊन जाई, म्हणून वाटेंतील ओढे, विहिरी आणि खाणावळी यांचा आश्रय घेत जावें लागे. हायडेलबर्ग मागें टाकून मंडळी वीस्लोख येथें आली तेव्हां इंधन सरत आलें होतें. त्या काळीं पेट्रोलचे पंप नव्हतेच. परंतु लिग्रोइन नांवाचें हलकें खनिज तेल कपड्यांवरील डाग काढण्यासाठीं औषधांच्या दुकानांत मिळे, आणि बेंझची गाडी त्यावरच चालत असे. बर्थेनें वीस्लोखच्या औषधविक्याकडून तें विकत घेतलें. जगांतील पहिलें पेट्रोल-केंद्र म्हणून तें दुकान आज प्रसिद्ध आहे. विकणाऱ्यास त्या दिवशीं आपण डाग काढण्याचें औषध विकीत आहों याहून निराळें कांहीं वाटलें असेल असें दिसत नाहीं.

पुढें इंधनाची नळी तुंबली आणि इंजिन बंद पडलें. बर्थेनें टोपींत खोंचलेली लांब टांचणी काढून नळींतील कचरा मोकळा केला. आणखी एका ठिकाणीं ठिणगी पडेनाशी झाली. या गाडींत बॅटरी व वेटोळें यांच्या साह्यानें ठिणगी उत्पन्न करीत. वीज नेणारी तार कोठें उघडी पडून गाडीच्या लोखंडास टेंकली कीं प्रवाह भलत्याच वाटेनें निसटून जातो आणि ठिणगी नाहींशी होते. तिनें पायमोजे वर धरून ठेवणारा आपला पट्टा काढून त्या जागीं वेष्टण म्हणून उपयोगांत आणला आणि गाडी पुन्हां सुरू झाली. सांखळी सैल पडली ती ब्रुख्झाल येथील लोहारानें नीट केली. उतारावर लांकडी ब्रेक झिजले, तेव्हां बाउश्लोट येथील चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. चढावर अडीच अश्वशक्ति पुरी पडेना, म्हणून गाडी ढकलावी लागली. दिवस मावळतां मावळतां ती फोर्ट्सहाइमला पोंचली आणि सुखरूप आल्याची तार तिनें नवऱ्यास केली.

ही कथा कार्ल बेंझच्या १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत आली आहे, म्हणजे घटनेनंतर सदतीस वर्षांनीं. तेव्हांपासून आजवर ती असंख्य वेळां सांगितली गेली आणि दर वेळीं टोपीची टांचणी व पायमोज्याचा पट्टा यांवर सांगणाऱ्याचें हास्य थोडें अधिक रेंगाळलें. स्त्रीच्या अंगावरील वस्तूंनीं यंत्र दुरुस्त झालें यांत लोकांस कौतुक वाटतें. आम्हांस तें कौतुक अस्थानीं वाटतें. टांचणी त्या काळीं युरोपांतील प्रत्येक मध्यमवर्गीय स्त्रीच्या टोपींत होती. परंतु ती कोणत्या नळींत घालावयाची हें जिला ठाऊक होतें अशी स्त्री त्या रस्त्यावर एकच होती. इंजिन बंद पडलें कीं तें इंधनाच्या अभावीं कीं ठिणगीच्या अभावीं, हें आधीं ओळखावें लागतें. ठिणगीचा दोष असतां तिनें टांचणी हातांत घेतली असती किंवा नळी तुंबली असतां तारेस पट्टा गुंडाळला असता, तर फोर्ट्सहाइमचा प्रवास तेथेंच संपला असता. निदान बरोबर होतें म्हणूनच इतका क्षुल्लक उपाय पुरला.

याहूनही एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. औषधविक्या, लोहार, चांभार यांपैकीं एकालाही मोटारीचें ज्ञान नव्हतें. त्यांच्या पंचक्रोशींत तशी वस्तूच नव्हती. त्यांच्यापुढें मोटार उभी करून ‘ही चालत नाहीं’ असें म्हटलें असतें तर ते बिचारे काय करणार होते? बर्थेनें चांभारास मोटार दुरुस्त करण्यास सांगितलें नाहीं. लांकडावर चामडें ठोकण्यास सांगितलें. लोहारापुढें इंजिन ठेवलें नाहीं, सांखळी ठेवली. अपरिचित यंत्राचा बिघाड तिनें परिचित धंद्यांच्या भाषेंत वांटून दिला. परक्या मुलखांत अडलेल्या मोटारवाल्यास पुढें कित्येक वर्षें ज्या एका कलेनें तारलें, तिचा हा आरंभ होय.

कांहीं दिवसांनीं मंडळी दुसऱ्या वाटेनें परत आली. चढावरचें ढकलणें ऐकून बेंझनें गाडींत चढासाठीं आणखी एका गिअरची भर घातली, आणि त्याच वर्षीं म्यूनिकच्या प्रदर्शनांत गाडीस सुवर्णपदक मिळालें. बर्था पुष्कळ वर्षें जगली. १९४४ च्या मे महिन्यांत, पंचाण्णव वर्षें पुरीं होऊन दोनच दिवस झाले असतां, लाडेनबुर्ग येथें ती वारली. ज्या रस्त्यानें ती गेली त्यास तिचें नांव मिळून तेथें पाट्या लागल्या त्या मात्र २००८ सालीं.

बर्थेच्या प्रवासांत मालक, चालक आणि दुरुस्ती करणारा ही तिन्ही एकच व्यक्ति होती. वीस वर्षांच्या आंत हीं कामें निराळ्या माणसांकडे गेलीं. त्याचें उत्तम उदाहरण म्हणजे १९०७ सालची पेकिंग ते पॅरिस ही सुप्रसिद्ध शर्यत. ‘ल मातँ’ या फ्रेंच वृत्तपत्रानें त्या वर्षाच्या जानेवारींत, पेकिंगहून पॅरिसला मोटारीनें येण्यास कोणी तयार आहे काय, असें आव्हान दिलें आणि १० जून रोजीं पांच गाड्या पेकिंगहून निघाल्या. त्यांत इताला नांवाच्या मोठ्या गाडींत तिघे होते: इटलीचा प्रिन्स शिपिओने बोर्गेझे, लुइजी बार्झिनी हा वार्ताहर, आणि एत्तोरे ग्विझार्दी हा यंत्रज्ञ. गाडी राजपुत्राची, वर्णन वार्ताहराचें. पण पेकिंगपासून पॅरिसपर्यंत ती चालती राहिली ती ग्विझार्दीमुळें. हा आगगाडीच्या इंजिन-ड्रायव्हरचा मुलगा. बाप अपघातांत गेल्यावर बोर्गेझेनें त्यास आश्रय देऊन यंत्रविद्या शिकविली होती. मुक्कामावर पोंचल्यावर इतरांनीं जेवण व बिछाना शोधावा आणि यानें गाडीखालीं शिरून तिचा अवयव न् अवयव चांचपावा, असा त्याचा परिपाठ होता. बार्झिनीच्या ग्रंथामुळें हें आपणांस कळतें. नाहींतर जगाच्या लक्षांत राजपुत्राचेंच नांव राहिलें असतें. आजही बहुतेकांच्या लक्षांत तेंच राहिलें आहे.

या प्रवासांत गाडी बैकल सरोवराच्या बाजूस एका लांकडी पुलांतून खालीं कोसळली, ती मजुरांनीं तुळया लावून वर काढली. युरोपीय रशियांत एक चाक मोडलें, तेव्हां खेड्यांतील एका सुताराकडून नवें चाक करवून घेतलें. त्याचें मुख्य हत्यार कुऱ्हाड. घोडागाडीचीं चाकें ज्याच्या हाताखालून जन्मभर गेलीं त्यास मोटारीचें लांकडी चाक अपरिचित वाटण्याचें कारण नव्हतें. बर्थेच्या चांभाराचाच हा रशियन भाऊ. १० ऑगस्टला, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनीं, इताला पॅरिसमध्यें शिरली. तिच्या मागून येणाऱ्या गाड्यांना आणखी वीस दिवस लागले.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें जिंकणाऱ्यापेक्षां हरणाऱ्यांची हकीकत अधिक बोधक आहे. ऑग्यूस्त पाँस हा काँताल नांवाच्या हलक्या तीनचाकी गाडींतून निघाला होता. गोबीच्या वाळवंटांत त्याचें पेट्रोल संपलें. यंत्रांत कांहीं मोडलें नव्हतें. ठिणगी होती, फेरा देणारे हात होते, चार प्रश्नांपैकीं तिहींचीं उत्तरें बरोबर होतीं. चवथ्याचें उत्तर मात्र त्या वाळूंत कोणत्याही औषधविक्याकडे मिळणारें नव्हतें. पाँस व त्याचा सोबती पायीं निघाले, तहानेनें मरणोन्मुख झाले, आणि तेथील भटक्या लोकांनीं त्यांस वांचविलें. गाडी वाळवंटांतच सोडून द्यावी लागली. निष्णात माणसाच्या ज्ञानालाही मर्यादा असते, आणि ती बहुधा इंधनाच्या डब्यांत असते, हें ध्यानांत ठेवून बोर्गेझेनें उंटांच्या तांड्यांबरोबर पेट्रोलचे सांठे आधींच पुढें रवाना करून ठेवले होते.

दुसरी गोष्ट शार्ल गोदार याची. त्याची स्पायकर गाडी सैबेरियांत मॅग्नेटोच्या बिघाडानें बंद पडली. मॅग्नेटो म्हणजे लोहचुंबकाच्या साह्यानें, बॅटरीवांचून, ठिणगीची वीज उत्पन्न करणारें उपकरण. मोठें खात्रीचें, पण आंतील वेटोळें जळलें कीं लोहाराचा हातोडा व सुताराची कुऱ्हाड दोन्ही निरुपयोगी. टांचणीनें साफ होणारा हा रोग नव्हे. गोदारास टोम्स्क येथील तंत्रविद्यालयाचें साह्य घ्यावें लागलें, आणि दुरुस्ती झाल्यावर जेथें गाडी थांबली होती तेथूनच त्यानें प्रवास पुढें चालविला. १८८८ मध्यें खेड्यांतील कारागिरांनीं भागलें. १९०७ मध्यें तारेंतील दोषासाठीं विद्यालयाचें दार ठोठवावें लागलें. यंत्र सुधारलें तसा त्याचा वैद्यही दूर गेला.

यानंतर दोनच वर्षांनीं अमेरिकेंत अॅलिस रॅम्से या बावीस वर्षांच्या विवाहित तरुणीनें न्यूयॉर्कहून सॅन फ्रॅन्सिस्कोपर्यंत मोटार नेली. ९ जून १९०९ रोजीं निघून ७ ऑगस्टला, एकोणसाठ दिवसांत, तिनें सुमारें ३८०० मैलांचा पल्ला गांठला. त्यांपैकीं पक्की सडक अवघी १५२ मैल. बरोबर तिच्या दोन नणंदा व एक मैत्रीण होती. तिघींपैकीं एकीलाही मोटार हाकतां येत नव्हती. मॅक्सवेल कंपनीनें जाहिरातीसाठीं हा प्रवास घडवून आणला होता, पण जाहिरात करणारा रस्त्यावर टायर बदलण्यास येत नसतो. अकरा वेळां टायर बदलणें, प्लग काढून त्यांवरची काजळी साफ करणें, ब्रेकचा मोडलेला पावटा जुळविणें, हें सर्व तिनें स्वतः केलें. एकदां रेडिएटरांतील पाणी संपलें असतां सोबतिणींनीं आपल्या प्रसाधनाच्या पेटींतील इवलीं इवलीं पात्रें काढून रस्त्याकडेच्या चरांतून पाणी वाहिलें. अशा पात्रांनीं रेडिएटर भरण्यास किती खेपा झाल्या असतील याचा हिशोब वाचकांनींच करावा. रॅम्सेबाईंनीं आपल्या प्रवासाचें पुस्तक लिहिलें तें १९६१ सालीं; अमेरिकेंतील मोटार-व्यवसायाच्या सन्मान-मंदिरांत त्यांस स्थान मिळालें तें २००० सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनीं.

हीं सर्व असामान्य माणसें झालीं. सामान्य मनुष्यास अडलेल्या मोटारीचें ज्ञान जर कोणीं दिलें असेल तर तें फोर्डच्या ‘टी’ गाडीनें. १९०८ ते १९२७ या काळांत या गाड्या दीड कोटींहून अधिक निघाल्या आणि त्या शेतकऱ्यांच्या, डॉक्टरांच्या, पाद्रींच्या घरीं गेल्या. इतक्या मोठ्या जनसमूहास एकाच यंत्राचे दोष पाठ असावे, असा प्रसंग मानवी इतिहासांत पूर्वीं आला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. या गाडींत चार नळकांड्यांसाठीं चार वेटोळ्यांच्या पेट्या असत आणि त्या गुणगुणत. कोणती मुकी झाली हें कानानें कळे. पेट्रोल टाकींतून केवळ उतारानें इंजिनाकडे येई. म्हणून सांठा कमी असतां उभ्या चढावर गाडी गुदमरे, आणि जाणते लोक ती फिरवून उलट्या गतीनें टेंकडी चढवीत. थंडींत तेल घट्ट होऊन हँडल फिरेनासें झालें कीं मागचें एक चाक उचलून धरावयाचें, म्हणजे अडथळा कमी होतो. शहरांतील मनुष्यास हा प्रकार विनोदी वाटे. शेतकऱ्यास त्यांत विनोद दिसत नसे, कारण तो रोज हेंच करीत होता.

खरा धोका हँडलांत होता. ठिणगी वेळेपूर्वीं पडली तर इंजिन उलटा हिसडा देई आणि हँडल मारणाऱ्याचें मनगट मोडे. म्हणून ठिणगीचा दांडा मागें घ्यावा आणि आंगठा बोटांच्या बाजूसच ठेवावा, मुठीभोंवतीं कधींही वळवूं नये, हा धडा नवशिक्यास सर्वांआधीं देत. मोटार पुष्कळ काळ बलदंड माणसांच्याच हातीं राहिली याचें एक कारण हेंच हँडल. चार्ल्स केटरिंग यानें विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसविला गेला. त्यासरशीं पहिल्या फेऱ्याचा प्रश्न मनुष्याच्या दंडांतून निघून बॅटरींत गेला. हें केवढें सुख झालें तें सांगावयास नकोच. पण त्याबरोबर एक नवाच रोगही आला. हातानें फिरविण्याच्या काळीं मनुष्य दमला तर पांच मिनिटें बसून पुन्हां उठे. बॅटरी दमली कीं ती आपली आपण उठत नाहीं. तेव्हांपासून सकाळीं बटण दाबावें आणि नुसता ‘टक्’ असा आवाज यावा, हा अनुभव मोटारवाल्यांच्या नशिबीं आला, आणि धक्का मारणें ही विद्या जन्मास आली.

धक्क्याची ही विद्या आपल्या महाराष्ट्रांत पराकाष्ठेस पोंचली होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. जीप व अॅम्बॅसडर या गाड्यांस हँडल घालण्याची सोय पुष्कळ वर्षें राहिली होती, आणि ‘हँडल मारल्याशिवाय हा उठत नाहीं’ हें वाक्य यंत्रावरून उठून माणसांसही लागूं झालें. घाटांतील प्रवासास निघतांना पुढच्या बाजूस पाण्यानें भरलेली किंतानी छागल टांगावयाची, कारण खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर रेडिएटर तापणारच. उन्हाळ्यांत पेट्रोलची नळींतच वाफ होऊन प्रवाह अडे. तेव्हां अनुभवी चालक पंपावर ओलें फडकें टाकून विडी ओढीत बसे. शिकलेल्या शेठजीस तो आळस वाटे, पण तें अचूक निदान होतें: वाफ निवून पुन्हां पेट्रोल झालें कीं गाडी आपोआप सुरू होई. या विद्येची शाळा म्हणजे ट्रकवरील क्लीनरची नोकरी. पोरगा गाडी पुशीत, पाणी आणीत, पाने हातीं देत देत चारसहा वर्षांत ड्रायव्हर होई, आणि ग्विझार्दीप्रमाणेंच त्याचेंही नांव कोठें लिहिलें जात नसे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या साऱ्या विद्येवर हळूहळू पडदा पडला. कार्बुरेटर गेला आणि सुयांनीं मोजून पेट्रोल फवारणारी योजना आली; ठिणगीची वेळ ठरविण्याचें काम संगणकाकडे गेलें. अमेरिकेंत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारींत असा संगणक बसविणें सक्तीचें झालें कीं, ज्यानें बिघाड स्वतःच ओळखून ठराविक अंकांच्या खुणेनें कळवावा. रोग्यानेंच निदान सांगावें, यापरतें वैद्यास भाग्य कोणतें? युरोपांत १९९८ पासून नव्या मोटारींस चोरीप्रतिबंधक कुलूप सक्तीचें झालें; किल्लींतील खूण ओळखली नाहीं तर इंजिन सुरूच व्हावयाचें नाहीं. याचा परिणाम असा कीं, जुन्या चार प्रश्नांत आतां पांचव्याची भर पडली आहे. फेरा मिळतो, पेट्रोल आहे, ठिणगी पडूं शकते, दाब उत्तम आहे. आणि तरीही गाडी उभीच, कारण तिनें मालकास ओळखलेलें नाहीं. बर्थेची टांचणी येथें कोणत्या नळींत घालावयाची?

सुधारणेच्या नांवानें बोटें मोडणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. आजची मोटार सहस्रावधि मैल बिनतक्रार चालते, रात्रीं-अपरात्रीं एकट्या स्त्रीस घेऊन ती घाट चढते, आणि हें सुख छागलीच्या काळांत नव्हतें. आमचें म्हणणें निराळें आहे. पूर्वीं मनुष्य रस्त्यांत अडत असे तो न कळल्यामुळें. ज्यास कळे तो सुटे, आणि कळण्यास बंदी कोणाचीच नव्हती. बेंझनें आपल्या इंजिनाभोंवतीं भिंत घातली नव्हती. आज यंत्र आपला दोष बोलून दाखवितें, पण तें कोणापाशीं बोलावें हें विकणारा ठरवूं पाहतो. आणि घरापासून दूर, आडगांवांत उभ्या असलेल्या मालकास किंवा तेथील मिस्त्रीस तें बोलणें वाचण्याचें साधन मिळेलच असें नाहीं.

हा तंटा प्रथम मिटविण्याचा प्रयत्न अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें केला. तेथील मतदारांनीं १९१२ च्या नव्हे, बरोबर शंभर वर्षांनंतरच्या म्हणजे २०१२ च्या नोव्हेंबरांत असें ठरविलें कीं, मोटार-कारखान्यांनीं आपल्या अधिकृत विक्रेत्यांस जी दुरुस्तीची माहिती व साधनें द्यावयाचीं, तींच मालकांस व स्वतंत्र कारागिरांसही योग्य मोबदल्यानें दिलीं पाहिजेत. पुढें गाड्या आपली माहिती बिनतारी मार्गानें थेट कारखान्याकडे धाडूं लागल्या आणि कायद्यास पळवाट पडली. म्हणून २०२० च्या नोव्हेंबरांत मतदारांनीं पुन्हां मोठ्या बहुमतानें ती माहितीही मालकाच्या अधिकारांत आणणारा कायदा संमत केला. मतमोजणीस महिना लोटण्यापूर्वींच मोटार-कारखानदारांच्या संघानें बोस्टनच्या न्यायालयांत त्याविरुद्ध दावा लावला.